मॅसॅच्युसेट्सची ‘राफ्ट’ भाडेसाहाय्य योजना: मदत भक्कम, पण नोटिशीनंतरची

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात भाडे थकल्यामुळे घर सोडण्याची वेळ आलेल्यांसाठी राज्य सरकार आपल्या तिजोरीतून ‘राफ्ट’ ही योजना चालवते. वूस्टरमधील एका परिचित कुटुंबाचा अर्ज भरण्यापासून पैसे जमा होईपर्यंत मी सोबत होतो, आणि ही मदत संकोच न करता मागावी असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून अधिक आणि निम्मी कमी कमावतात त्या रकमेच्या) ५० टक्क्यांपर्यंत असावे लागते. कौटुंबिक हिंसाचारामुळे घर सोडावे लागत असल्यास ही मर्यादा ६० टक्के आहे. बारा महिन्यांत जास्तीत जास्त ७,००० डॉलर मिळतात. त्यातून थकलेले भाडे किंवा विजेची बिले भागवता येतात, आणि घर बदलणे भागच असेल तर नव्या घराचे पहिले भाडे व डिपॉझिटही भरता येते. नागरिकत्वाची अट नाही, ही गोष्ट नोकरी गमावून बसलेल्या आपल्याकडच्या अनेकांना ठाऊकच नसते.

घोडे पेंड खाते ते नोटिशीपाशी. २०२२ पासून थकबाकीसाठी अर्ज करताना घरमालकाने दिलेली घर सोडण्याची नोटीस जोडावी लागते. म्हणजे ज्या मालकाशी वर्षानुवर्षे चांगले संबंध आहेत, त्याच्याकडेच जाऊन ‘आम्हाला नोटीस द्या’ असे म्हणायचे. आमच्या ओळखीच्या कुटुंबाची मालकीण त्याच तीनमजली लाकडी घरात तळमजल्यावर राहते. नोटीस लिहून देताना त्या बाईंनाच अधिक वाईट वाटत होते. भाडे दोन महिने चुकणार हे आधीच दिसत असताना सरकारने मदत अडवून का धरावी, हे मला पटलेले नाही.

दुसरी अडचण अशी की अर्जाचा अर्धा भाग मालकाने भरायचा असतो, कारण रक्कम सहसा थेट त्याच्याकडे जाते. या बाई ईमेल क्वचितच उघडत असल्यामुळे त्यांना आलेली सूचना तशीच पडून राहिली आणि अर्ज अडकला. शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून कराचा फॉर्म आणि मालकीची कागदपत्रे आम्ही एकत्र चढवली. त्यानंतर मात्र प्रकरण सुरळीत पुढे सरकले, आणि अर्ज हाताळणाऱ्या संस्थेतील कर्मचारी फोनवर शांतपणे, नीट समजावून बोलत होते.

या योजनेचा सर्वांत मोठा आधार मला पैशापेक्षा न्यायालयात दिसतो. नोटीस आली म्हणून कोणालाही लगेच घराबाहेर काढता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेशच लागतो. शिवाय थकबाकीच्या दाव्यात भाडेसाहाय्याचा अर्ज प्रलंबित असेल तर प्रकरण पुढे ढकलण्याची जी तरतूद कोविडकाळात आली, ती २०२३ मध्ये कायमची झाली. म्हणून अर्ज केल्याचा पुरावा छापून जवळ ठेवावा आणि सुनावणीची तारीख कधीही चुकवू नये.

रकमेबाबत मात्र मी समाधानी नाही. वूस्टरमध्ये त्या कुटुंबाची थकबाकी पूर्ण फिटली; बॉस्टन परिसरात दोन खोल्यांच्या घराची आजची भाडी पाहता ७,००० डॉलरमध्ये तीन महिनेही निघणे कठीण आहे. तिथे राहणाऱ्यांनी नोटीस हाती पडेल त्याच दिवशी अर्ज करावा, आणि उरलेल्या रकमेचे हप्ते मालकाकडून लेखी ठरवून घ्यावेत.