बूस्टचा काटा की मोबाइलवरचा आकडा?

आमची १७ फुटी गाडी पिंपळगावहून कांदा भरून वाशीला उतरते आणि भिवंडीचा माल घेऊन नाशिकच्या अंबडला परत येते. म्हणजे कसाऱ्याचा चढ कायम भरल्या गाडीने. टर्बो खरोखर हवा भरतोय का, हे कळायची जागा तीच. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, फारसा बनत नाही; इंजिनावर लोड आला, जास्त डिझेल जळालं, तरच टर्बोला जोर येतो. हा बूस्ट बघायला आधी ओबीडीचा डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारं, मोबाइलला आकडे पाठवणारं छोटं यंत्र) लावून मोबाइल वापरला, नंतर मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा वाटणाऱ्या पाइपावरून) नळी काढून केबिनमध्ये काट्याचं मीटर बसवलं. सांगतोय ते या एका गाडीवरचं. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

डोंगलचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. पाच मिनिटांत लागतो, कुठे भोक पाडायला नको, आणि बूस्टच्या जोडीला पाण्याचं तापमान, फॉल्ट कोड असं बरंच दाखवतो. चेक लाइट लागली की काटा गप्प बसतो, डोंगल निदान कोड तरी देतो. फक्त दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असलेल्या २४ व्होल्टच्या गाडीला कारसाठी बनवलेला १२ व्होल्टचा डोंगल लावू नका, जळतो. मोठ्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बहुधा जे१९३९ या पद्धतीने बोलतो, तेही समजणारा डोंगल हवा.

माझं मन फिरलं ते एकाच गोष्टीवरून. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, घाटात भरल्या गाडीचा बूस्ट दीड बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास गेला की टर्बोची काळजी नाही. मी ड्रायव्हरला इगतपुरीला पोचल्यावर फोन करून विचारायचो, चढाला किती गेला? तो म्हणायचा, "भाऊ, एकशे नव्वद दाखवत होतं." शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार, मग हा एक पूर्णांक नऊ, म्हणजे दीडच्याही वर. मी निश्चिंत. असे दोन महिने गेले. गाडी चढाला जड वाटते असं तो सांगत होता, अ‍ॅव्हरेजही घसरलं होतं, पण आकडा चांगला होता म्हणून मी त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही.

एक दिवस आडगावला गाडी उभी असताना नुसती चावी फिरवली, इंजिन बंद, आणि स्क्रीनवर ९५. बंद इंजिनात बूस्ट कुठून येणार? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेन्सर मॅनिफोल्डमधला एकूण दाब मोजतो, बाहेरच्या हवेच्या दाबासकट. नाशिक समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, इथे हवेचाच दाब ९५ च्या जवळपास. वाशीला तोच १०१. म्हणजे १९० मधून हवेचे पंचाण्णव-सत्त्याण्णव गेले की उरतो जेमतेम एक बार. गाडी दोन महिने अर्धा बार कमी घेऊन घाट चढत होती. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज पाईप खालच्या बाजूने चिरला होता, वरून बघून कळण्यासारखा नव्हता.

काही अ‍ॅप ही वजाबाकी स्वतः करतात. पण एकात केलेली, दुसऱ्यात नाही, एकात पीएसआय, दुसऱ्यात किलोपास्कल. ड्रायव्हरचा फोन बदलला की आकड्याचा अर्थ बदलला. शिवाय ओबीडीच्या जुन्या साध्या कोडमध्ये हा दाब २५५ किलोपास्कलच्या वर लिहिताच येत नाही, त्यामुळे तगड्या टर्बोच्या गाडीत नेमका घाटात आकडा अडकून बसतो.

काट्याचं तसं नाही. आतली वाकडी नळी बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवते. इंजिन बंद, काटा शून्यावर, नाशकात काय आणि वाशीत काय. ड्रायव्हर म्हणतो "सव्वाला अडतोय", मला घरबसल्या समजतं. इंजिनाच्या दृष्टीने एकूण दाबच खरा, हे मान्य. पण फोनवर दोन माणसांना एकच गोष्ट समजायला हवी, ती काट्याने समजते.

धूर आणि काटा जोडीने बघायची सवयही काट्यामुळेच लागली. बूस्ट कमी आणि मागे काळा धूर, म्हणजे डिझेल पुरतंय, हवा कमी पडतेय: होज, क्लिप, एअर फिल्टर, वेस्टगेट (टर्बोचा जास्तीचा जोर सोडणारी झडप) उघडं राहिलेलं. बूस्ट कमी पण धूर नाही, तर आधी डिझेल फिल्टर बघा. जळायलाच कमी मिळतंय, तर टर्बो फिरणार कशाने? मोबाइलवरही हे जमेल, पण चढाला गाडी असताना ड्रायव्हरची नजर मोबाइलवर नसावी असं मला मनापासून वाटतं. काटा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.

काट्याचा त्रासही आहे. नायलॉनची नळी एक्झॉस्टजवळून नेली तर मऊ पडते, केबिनमध्ये शिरते तिथे पत्र्यावर घासून कापली जाते. नळी जोडायचा टी-जोड इंटरकूलरच्या नंतर, मॅनिफोल्डजवळच बसवा; टर्बोच्या तोंडाशी घेतलात तर काटा थोडा जास्त दाखवेल.

नवी बीएस-६ गाडी वॉरंटीत असेल तर नळी कापायचा सल्ला मी देणार नाही. योग्य डोंगल घ्या आणि रोज इंजिन चालू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवून तोच वजा करा. वॉरंटी संपलेली किंवा जुन्या पंपाची गाडी असेल, तर माझ्या मते काटाच. बसवला की निरोगी गाडीचे तीन आकडे टिपून घ्या: आयडलला, ओझरच्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये, आणि कसाऱ्याला भरल्या गाडीने पूर्ण दाबल्यावर. आमचे शून्य, अर्ध्या बारच्या आत आणि दीडच्या जरा खाली. कागद ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेला खोचलेला आहे.