एक्स्चेंजमध्ये जुना फोन देताय? आकडा लेखी मिळेपर्यंत नव्या फोनचं सील फोडू देऊ नका

आधी आकडे सांगते. नवा फोन ३६,९९९ चा. माझ्या जुन्या फोनला त्याच दुकानाच्या वेबसाइटवर १३,४०० दाखवत होते, वर ३,००० एक्स्चेंज बोनस. म्हणजे मला भरायचे होते २०,५९९. प्रत्यक्षात मी २६,८४९ भरून आले, कारण जुन्या फोनचे त्यांनी लावले ७,१५०. चालू फोन, बॅटरी हेल्थ ८६ टक्के, बॉक्स आणि बिल सोबत, एकदाही रिपेअरला गेलेला नाही. तरी ६,२५० रुपये काउंटरवरच्या काउंटरवर गायब.

आणि जाहिरातीत जे "२२,००० पर्यंत" असं मोठ्या अक्षरात असतं ना, ते मी धरलंच नव्हतं, तो आकडा कोणाला मिळत नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये. मी धरला होता माझ्याच मॉडेलचा, सगळे प्रश्न खरे खरे भरल्यावर आलेला आकडा. ओरखडे आहेत का? हो, मागे बारीक आहेत. स्क्रीन फुटलीय का? नाही. बॉडी वाकलीय का? नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांच्याच सिस्टिमने १३,४०० काढले होते.

दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, पुढून मागून बघितला, अ‍ॅप टाकलं आणि म्हणाला, "मॅडम, साडेबारा-तेरापर्यंत होऊन जाईल, तुम्ही नवा फोन बघून घ्या तोवर." ठीक आहे, चार-पाचशे इकडेतिकडे होतात, मी हो म्हटलं. मग त्याने नव्या फोनचा बॉक्स आणला, माझ्यासमोर सील फोडलं, सिम टाकलं, डेटा ट्रान्सफरला लावला. ते झाल्यावर म्हणाला, "आता जुना रीसेट करून द्या, अकाउंट काढून टाका, नाहीतर सिस्टिम घेत नाही." केलं. आणि हे सगळं झाल्यावर दुसरा एक मुलगा आला "क्यूसी" करायला, म्हणजे क्वालिटी चेक, फोनची तपासणी.

क्यूसी! तोपर्यंत या शब्दाचा उल्लेखसुद्धा कोणी केला नव्हता.

त्याने रीसेट झालेल्या फोनमध्ये पुन्हा तेच अ‍ॅप टाकलं. स्क्रीनवर चौकोन येतात, सगळ्यांवरून बोट फिरवायचं, बोट फिरलं की चौकोन हिरवा होतो. उजव्या कोपऱ्यातला एक चौकोन हिरवा होईना. होणारच नाही, कारण तिथे स्क्रीनगार्डची कड उचलली गेली होती आणि बोट काचेला लागतच नव्हतं. मी म्हटलं गार्ड काढा आणि परत बघा. तर म्हणे टेस्ट सबमिट झाली, रिझल्ट लॉक होतो. झालं, "टच फॉल्टी". मग स्क्रीन पांढरी करून फोन लाइटखाली तिरका धरला आणि म्हणाला कडेला शेड आहे. मला काही दिसली नाही, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही दिसली नाही. १३,४०० चे ७,१५०.

मी थांबायला हवं होतं तो क्षण म्हणजे रीसेट करायला सांगितलं तोच. ज्या माणसाने अजून भाव लिहून दिलेला नाही तो माझा फोन पुसायला का सांगतोय? तो क्षण आठवला की अजूनही रात्री चिडचिड होते. पण मला सांगा, त्या जागी कोण थांबलं असतं? मोठं एसी शोरूम, युनिफॉर्ममधली मुलं, तोंडाने तेराच्या आसपासचा आकडा सांगितलेला, डेटाचा बार पुढे सरकतोय, मागे लोक उभे आहेत. आणि एकदा सील फुटून फोन अ‍ॅक्टिव्हेट झाला की मग तुम्ही अडकलात. मी म्हटलं राहू दे, मला हा व्यवहारच नको. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, उघडलेला पीस परत होत नाही, तुम्ही एक्स्चेंज नका करू, पूर्ण पैसे भरा." म्हणजे एकतर ७,१५० घ्या किंवा ३६,९९९ भरा. सोळा हजार जादा कुठून आणायचे तिथे उभ्या उभ्या?

त्यात ओटीपी. "एक मेसेज आला असेल, नंबर सांगा." तो नंबर मी नव्या भावाला संमती दिल्याचा होता हे घरी आल्यावर मेसेज शांतपणे वाचला तेव्हा कळलं, इंग्रजीत दोन ओळींच्या शेवटी कुठेतरी. ओटीपी बँकेचाच असतो असं नाही. दुकानातला ओटीपीसुद्धा पूर्ण वाचल्याशिवाय तोंडातून काढू नका.

घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा जास्त संताप झाला. हाच फोन त्याच दिवशी बिना एक्स्चेंज, कार्डावर ३,००० इन्स्टंट डिस्काउंट धरून ३३,९९९ ला मिळत होता. पण एक्स्चेंज बोनस घेतला की कार्डाची सूट लागत नाही, दोन्हीपैकी एकच. म्हणजे तो ३,००० चा बोनस माझ्या जुन्या फोनसाठी नव्हताच, कार्डवाल्याला जे तसंच मिळतं ते माझ्या फोनच्या नावाने दिलं. ३३,९९९ वजा २६,८४९ करा, ७,१५० च येतात. आमच्या ओळखीचा मोबाइल रिपेअरवाला त्याच फोनचे ११,००० रोख द्यायला तयार होता. तिकडे दिला असता तर मला २२,९९९ पडले असते. सरळ सरळ ३,८५० चं नुकसान, आणि हा हिशोब वेबसाइटचा आकडा बाजूला ठेवून!

त्याला का नाही दिला असं घरच्यांनीही विचारलं. कारण डेटा. कारण उद्या तो फोन कोणाच्या हातात गेला आणि त्यावरून काही भानगड झाली तर चौकशी माझ्या दारात येणार. मोठ्या दुकानात बिल असतं, नोंद असते, म्हणून दोन पैसे कमी आले तरी चालतील असं ठरवूनच मी गेले होते. आणि नोंदीचं काय झालं? बिलावर जुन्या फोनचा आयएमईआय नंबरच नाही, म्हणजे ज्यावरून नेमका तोच फोन ओळखता येतो तो नंबर! फक्त "एक्स्चेंज" आणि रक्कम. फोन देण्याआधी *#०६# दाबून तो नंबर लिहून घ्या आणि पावतीवर टाकूनच मागा, नाही म्हणाले तर फोन उचला आणि चालू लागा.

बिलात जीएसटी मात्र पूर्ण ३६,९९९ वर. यात दुकानाची चूक नाही, नियमच तसा आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या २७ व्या नियमात याचंच उदाहरण दिलंय, की २४,००० चा फोन जुना घेऊन २०,००० ला दिला तरी टॅक्ससाठी किंमत २४,००० च धरायची. त्यामुळे "एक्स्चेंजमध्ये टॅक्सही वाचतो" असं कोणी काउंटरवर सांगितलं तर ते खोटं आहे.

आता तक्रारीची कथा. मॅनेजर म्हणाले भाव आम्ही ठरवत नाही, पार्टनर कंपनी ठरवते. पार्टनर कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं आम्ही फक्त प्लॅटफॉर्म देतो, तपासणी स्टोअरची. स्टोअरच्या हेड ऑफिसने मेलला उत्तर दिलं की ग्राहकाने ओटीपीने संमती दिलेली आहे, विषय बंद. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर कंपनीने तेच उत्तर तिथे चिकटवलं आणि तक्रार "निकाली" झाली. निकाली कोणाच्या बाजूने? मला एक फोन तरी केला का कोणी? स्क्रीनगार्डचा मुद्दा मी सविस्तर लिहिला होता, फोटो जोडला होता, त्यावर एक शब्द नाही. पोलीस चौकीत गेले तर साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतः फोन दिलात, सही केलीत, हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा." अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. ज्याच्याकडे जावं तो पुढचं दार दाखवतो आणि तिकडे तो फोन पॉलिश होऊन कुठेतरी विकलाही गेला असेल.

कायदा नाही असं नाहीये. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅपवर ग्राहकाला फसवायच्या क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं हा प्रकार यादीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहेच. आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दुकान किंवा कंपनी कुठलीही असो, खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षं. हे मला कुठल्याच हेल्पलाइनने सांगितलं नाही, स्वतः वाचून काढलं.

माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून सांगते, स्क्रीनगार्ड घरीच काढा, काच पुसा, चारी कोपऱ्यांत टच चालतो त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दुकानात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न, बिना एक्स्चेंज कार्डावर किती? तो आकडा वहीत लिहा, मगच जुना फोन खिशातून काढा. "तेरापर्यंत होईल" असं तोंडी चालवून घेऊ नका. क्यूसी आधी, सील नंतर. मुलगा कितीही गोड बोलला, रांग कितीही असली तरी.

शेवटी हेड ऑफिसने ५०० रुपयांचं व्हाउचर पाठवलं, त्यांच्याच दुकानात चालणारं, तेही ३,००० च्या वर खरेदी केली तर. सोबत मेल, की व्हाउचर वापरल्यास तक्रार मिटली असं समजण्यात येईल. मी ते वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही. १३,४०० चा स्क्रीनशॉट, बिल, ओटीपीचा मेसेज आणि गार्डचा फोटो लावून आयोगाकडची तक्रार लिहायला घेतलीये. तुमच्याकडेही असा क्वोटचा स्क्रीनशॉट असेल तर डिलीट करू नका.