बेदाण्याच्या शोधात तीन महिने : एका संशोधन ग्रंथालयाचा अनुभव

बेदाण्याच्या साठवणुकीवरील प्रबंधासाठी सांगलीतील एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी गेले तीन महिने बाहेरची वाचक म्हणून जात आहे. अनामत भरल्यावर ओळखपत्र दोन दिवसांत मिळाले.

ग्रंथालयाचे खरे बळ संदर्भ विभागात आहे. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तके विषयवार क्रमांकाने लावण्याच्या पद्धतीत, द्राक्षलागवड ६३४.८ या वर्गांकावर, वनस्पतिरोग ६३२ वर आणि फळप्रक्रिया ६६४.८ वर येते. म्हणजे माझा एकच विषय तीन मांडण्यांवर विखुरलेला होता. पुस्तकाचे नाव विचारण्याआधी “मॅडम, नेमका प्रश्न काय आहे?” असे विचारून ग्रंथपालांनी हे तिन्ही वर्गांक चिठ्ठीवर लिहून दिले, त्यामुळे माझे कित्येक दिवस वाचले.

तालिका, म्हणजे पुस्तके शोधण्याची संगणकीय सूची, मात्र निराश करते. ती कोहा या मुक्त संगणकप्रणालीवर चालते आणि ही प्रणाली देवनागरी सहज स्वीकारते. तरीही मराठी पुस्तकांची नावे येथे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचले तशा वर्णलेखनात नोंदवलेली आहेत. ‘बेदाणा’ असे देवनागरीत टंकल्यावर एकही नोंद आली नाही, आणि चार पुस्तके मात्र समोरच्या फडताळात होती. दोष प्रणालीचा नाही, नोंदणीचा आहे.

याहून मोठी उणीव संस्थेच्या स्वतःच्या प्रकल्प अहवालांची आहे. या भागातील बागांची वर्षानुवर्षांची निरीक्षणे त्यांत आहेत, २०१९ च्या महापुरानंतर ते काळजीपूर्वक वरच्या मजल्यावर हलवलेही आहेत, पण त्यांची नोंद केवळ एका हस्तलिखित वहीत आहे. परदेशी नियतकालिके अन्यत्रही मिळतील. हे अहवाल दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत, म्हणून तालिकेत पहिली जागा त्यांनाच मिळायला हवी होती.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामाईक वर्गणी योजनेतील संशोधन नियतकालिके बाहेरच्या वाचकाला फक्त आतील संगणकांवर वाचता येतात. संगणक तीन आहेत आणि त्यांतील एक बंद असतो, त्यामुळे सकाळी लवकर जावे. प्रबंधांसाठी येथे येण्याची गरज नाही. ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे संकेतस्थळ घरबसल्या विनामूल्य उघडते.

अहवाल हवे असतील तर देवघेव विभागात ती वही मागावी. ती समोर ठेवलेली नसते, पण मागितल्यावर लगेच मिळते आणि कर्मचारी अहवाल स्वतः शोधून आणून देतात.