तुरुंगातून निसटण्याच्या पाच गोष्टी: रंगमंचासाठी कोणाची घ्यावी?

एकांकिका लिहायची आहे किंवा तासाभराचं कथाकथन करायचं आहे, आणि तुरुंगाधिकाऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटलेल्या कैद्याची खरी गोष्ट हवी आहे. एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: कोणाची? पळून गेलेल्या कैद्यांना तोटा नाही, पण बहुतेकांच्या गोष्टीत भिंत, दोर आणि अंधार याखेरीज काही नसतं. भिंत चढणारा माणूस प्रेक्षक दोन मिनिटं बघतो, मग मोबाइल काढतो. रंगत येते ती पहारेकरी टक्क जागा असूनही फसतो तेव्हा. म्हणून खालच्या पाचही गोष्टींना मी दोनच प्रश्न विचारले. फसलं कोण? आणि मागे राहिलं कोण? दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण निवड करताना शेवटी तोच कामी येतो.

दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. आग्र्याहून सुटका (१६६६) मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहे, शिवाय ती नजरकैद होती आणि पेटाऱ्यांचा वाद इतिहासकारांत अजून चालूच आहे. सांगलीचा तुरुंग वसंतदादा पाटलांनी साथीदारांसह २४ जुलै १९४३ रोजी फोडला, पण तो उघड धाडसाचा मामला. त्यात साथीदारांचे जीव गेले, दादांना गोळी लागली. त्याला शौर्यकथेचाच बाज हवा. आपल्याला इथे चलाखी हवी आहे.

सगळ्यांना आधी आठवतं ते अल्काट्राझ. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं तुरुंगाचं बेट, ११ जून १९६२ ची रात्र, फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे दोन भाऊ. कोठडीच्या मागच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीभोवतीचं काँक्रीट त्यांनी चमच्यांनी आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरपासून बनवलेल्या ड्रिलने कोरलं. पन्नासहून जास्त रेनकोट जोडून तराफा आणि जॅकेटं शिवली. खरी कमाल मात्र डोक्यांची. साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर आणि काँक्रीटची भुकटी कालवून मुंडकी घडवली, रंगवली, तुरुंगातल्या न्हाव्याच्या दुकानातले खरे केस त्यांना चिकटवले आणि उशीवर ठेवून दिली. रात्रपाळीचे पहारेकरी डोकी मोजत गेले, आणि हिशेब बरोबर लागत राहिला. सकाळी एकाने गजातून हात घालून 'झोपलेल्याला' हलवलं, तर डोकं जमिनीवर पडलं.

पडदा उघडायला याच्याइतकं चांगलं दृश्य सापडणार नाही. अडचण शेवटाची आहे. तिघं पोहोचले की बुडाले, कुणालाच माहीत नाही. खाडीत वल्हं सापडलं, अँग्लिन कुटुंबाचे फोटो आणि पत्ते असलेलं पाण्यापासून जपलेलं पाकीट सापडलं, माणसं सापडली नाहीत. एफबीआयने १९७९ च्या अखेरीस तपास बंद केला. लेखकाला असा मोकळा शेवट आवडतो, पण समोर बसलेल्याला कित्येकदा आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. आणि या प्रसंगाचं चित्रपट-मालिकांनी इतकं चर्वण केलंय, की मुंडकी दिसली की निम्मं सभागृह पुढचं सांगून टाकेल.

तरीही हाच विषय घ्यायचा असेल तर ॲलन वेस्टकडे बघा. तो या कटातला चौथा. आपलं भोक दिसू नये म्हणून त्याने काठाला सिमेंट लावलं, ते घट्ट झालं आणि ऐन रात्री त्याला वेळेत बाहेर पडता येईना. तो निघाला तोवर बाकीचे गेले होते. बेत कसा शिजला हे तपासकर्त्यांना पुढे त्यानेच सांगितलं. एकपात्री प्रयोग करणाऱ्याला आणखी काय हवं?

अठराव्या शतकातला व्हेनिसचा रंगेल लेखक कॅसानोवा याची गोष्ट याच्या अगदी उलट. इथे विनोद ठासून भरला आहे आणि शेवट सुखाचा आहे, पण साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे कॅसानोवा. व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात शिशाच्या छपराखाली 'पिओंबी' नावाच्या कोठड्या होत्या. तिथे त्याला जुलै १७५५ मध्ये डांबलं. शिक्षा पाच वर्षांची होती, पण ती त्याला सांगण्याची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. माळ्यावर पाय मोकळे करायला मिळत, तेव्हा त्याला एक लोखंडी कांब सापडली. दगडावर घासून घासून तिला त्याने टोक काढलं आणि पलंगाखालची जमीन कोरायला घेतली. भोक तयार, दिवस ठरलेला, आणि जेलरने आनंदाची बातमी आणली: तुम्हाला आता जास्त उजेडाची, हवेशीर कोठडी मिळणार! बिचारा नको नको म्हणत राहिला. भोक उघडकीला आलं तेव्हा त्याने जेलर लोरेन्झोलाच दम भरला: हत्यार तूच आणून दिलंस असं मी वर सांगेन. लोरेन्झोने निमूटपणे भोक बुजवून टाकलं.

पुढचा डाव त्याहून सरस. शेजारच्या कोठडीत बाल्बी नावाचा पाद्री होता, त्याच्याकडे कांब पोहोचवायची होती. कॅसानोवाने ती जाडजूड बायबलमध्ये दडवली, पण टोकं बाहेर डोकावत होती. मग त्या बायबलवर मॅकरोनीची मोठी थाळी ठेवली, काठोकाठ वितळलेल्या लोण्याने भरलेली, आणि ती पोहोचवायला दिली जेलरच्याच हाती. लोरेन्झोचं सगळं लक्ष लोणी सांडू नये याकडे. कांब त्याने स्वतः नेऊन दिली!

बाल्बीने आपलं छत फोडलं, मग कॅसानोवाचं. त्यावेळी कॅसानोवाच्या कोठडीत एक खबऱ्या आणून ठेवला होता. वरून ठोकल्याचे आवाज येतात ते देवदूत मला न्यायला येतोय म्हणून, असं त्या भोळ्याला पटवलं गेलं. ३१ ऑक्टोबर १७५६ च्या रात्री दोघं छपरावर चढले, खिडकीतून पुन्हा राजवाड्यात उतरले, कपडे बदलले. कुणी पाहुणे चुकून आत कोंडले गेले असावेत असं समजून रखवालदाराने सकाळी दार उघडलं आणि दोघं जिन्यावरून चालत बाहेर पडले.

यातलं किती खरं? छापील हकीकत त्याने तीसेक वर्षांनी दिली, आणि तोवर मेजवान्यांमधून ती सांगून सांगून घासूनपुसून चकचकीत झालेली होती. मला स्वतःला लोण्याच्या थाळीवर पूर्ण विश्वास ठेवावासा वाटतो, देवदूतावर जरा कमी. कथाकथनाला ही गोष्ट फार सोयीची आहे, कारण बढाया मारणारा निवेदक आयताच मिळतो आणि लहान मुलांसमोरही ती सांगता येते. नाटकात मात्र ती पातळ होईल. कॅसानोवाला स्वतःखेरीज कुणाचीच काळजी नाही, त्यामुळे हसू येतं, धाकधूक होत नाही.

चार्ल्स शोभराजचं नाव कुणीतरी सुचवणारच, म्हणून थोडक्यात. १६ मार्च १९८६ रोजी तिहारमध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने मिठाई वाटली गेली. त्यात गुंगीचं औषध होतं. पहारेकरी आडवे झाले आणि तो बाहेर. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये पकडलं. खरी चलाखी म्हणतात ती याच्या मागे. भारतातली शिक्षा संपत आली होती आणि थायलंडमध्ये खुनाचे खटले वाट पाहत होते, जिथे मृत्युदंडाची शक्यता होती. तिथल्या वॉरंटची मुदत २० वर्षांची. पळून पकडलं गेलं की भारतातली शिक्षा वाढते आणि तेवढ्यात ती मुदत टळते. १९९७ मध्ये तो सुटला तेव्हा तसंच झालेलं होतं. सुटण्यासाठी नाही तर आत राहण्यासाठी पळणं, ही कल्पना कुणाही लेखकाला भुरळ घालेल. पण या माणसाच्या हुशारीवर टाळी घ्यायची म्हणजे त्याने मारलेल्या माणसांकडे पाठ फिरवून घ्यायची. नाटक झेंड्यांच्या बाजूने लिहिणार असाल तरच हात घाला.

हजारीबागची गोष्ट मनाला जवळची आहे. नोव्हेंबर १९४२, 'चले जाव'चा धगधगता काळ, दिवाळीची रात्र. जयप्रकाश नारायण आणि आणखी पाच जण, त्यांत योगेंद्र शुक्ल, सूरज नारायण सिंह, रामनंदन मिश्र. युक्ती साधी होती. आत राहिलेल्या राजबंद्यांनी दिवाळीचा जल्लोष उभा केला, गाणी म्हटली, नाच केला, वॉर्डरांना त्यात गुंतवून ठेवलं. तेवढ्या वेळात सहा जण धोतरांना धोतरं बांधून तट उतरले. जंगलातल्या वाटेवर जेपींना चालवेना, तेव्हा शुक्लांनी त्यांना खांद्यावर घेतलं, असं सांगितलं जातं. जेपी नेपाळात पोहोचले, 'आझाद दस्ता' उभारला आणि सप्टेंबर १९४३ मध्ये पुन्हा पकडले गेले.

मोठा संच, गाणारे-नाचणारे कलाकार आणि भरपूर मुलं-मुली असलेलं मंडळ असेल तर मी डोळे मिटून ही गोष्ट घेईन. पुढे दिवाळी आणि मागे तट, एवढ्यावर सगळा खेळ उभा राहतो. प्रेक्षकाला दोन्ही दिसतं, वॉर्डरला एकच. गाणाऱ्यांना ठाऊक असतं की उद्या सकाळी झडती आपलीच होणार, तरी आवाज खाली येऊ द्यायचा नाही. कमतरता म्हणाल तर बुद्धीच्या डावपेचांची. एक रात्र, एक चकवा, की संपलं. पाऊण तास खेचायला गेलात तर भाषणं घुसतील, आणि भाषणं घुसली की नाटक गेलं.

आता माझी निवड: प्रिटोरिया, १९७९. टिम जेंकिन आणि स्टीफन ली हे दोन गोरे दक्षिण आफ्रिकी तरुण. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी पत्रकं उधळणारे छोटे स्फोट घडवल्याबद्दल जून १९७८ मध्ये त्यांना अनुक्रमे १२ आणि ८ वर्षांची शिक्षा झाली. वर्णभेद तुरुंगातही होताच. काळे राजकीय कैदी रॉबेन बेटावर, गोरे प्रिटोरियात. जेंकिन आत आला तो पळायचं ठरवूनच. तुरुंगाच्या सुतारशाळेत काम होतं, लाकूड हाताशी होतं. पहारेकऱ्यांच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या नजरेने मोजायच्या, कुलपाच्या आतली मापं काढायची, लाकडाची किल्ली कोरायची, लावून पाहायची, पुन्हा कोरायची. आपल्या कोठडीपासून रस्त्यापर्यंत दहा दारं होती.

कोठडीचं बाहेरचं पोलादी दार तर फक्त बाहेरूनच उघडे. मग केरसुणीच्या दांड्याला जोडलेलं एक यंत्र तयार झालं. ते खिडकीतून बाहेर काढायचं, टोकाची लाकडी किल्ली बाहेरच्या कुलपात घालायची आणि आतून फिरवायची. ही खटपट रंगमंचावर नुसती पाहतानासुद्धा प्रेक्षकाचा श्वास अडकेल, कारण किल्ली लाकडाची आहे, ती आत मोडली तर सगळंच संपलं. दीड वर्ष हे चाललं. पहारेकरी रोज त्याच दारांवरून जात होते, आणि त्यांची कुलपं आतले कैदी रात्री उघडून पुन्हा लावून ठेवत होते.

११ डिसेंबर १९७९ रोजी जेंकिन, ली आणि त्यांचा सहकैदी अ‍ॅलेक्स मुंबारिस निघाले. नऊ दारं किल्ल्यांनी उघडली. दहावं, रस्त्यावरचं, काही केल्या उघडेना. इतके महिने एक ओरखडाही मागे न ठेवणाऱ्यांना शेवटी कुलपाजवळचं लाकूड छिन्नीने फोडून जावं लागलं. गोळी झाडली गेली नाही, कुणाला खरचटलं नाही. आतून कुणीतरी फितूर असल्याशिवाय हे होणं शक्य नाही असं मानून सरकारने त्या रात्रीच्या पहारेकऱ्यावरच खटला भरला. तो निर्दोष सुटला.

आणि मागे राहिला डेनिस गोल्डबर्ग. रिव्होनिया खटल्यात मंडेलांसोबत १९६४ मध्ये जन्मठेप झालेला माणूस, जेंकिन आणि लीपेक्षा वयाने खूप मोठा. तो बेतात होता, पण निघाला नाही. त्या संध्याकाळी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवण्याचं काम त्याने केलं. १९८५ मध्ये सुटला, म्हणजे त्यानंतरही पाचेक वर्षं तो तुरुंगातच राहिला. अल्काट्राझचा वेस्ट नाइलाजाने मागे राहिला, हजारीबागचे गाणारे चळवळीच्या शिस्तीने. गोल्डबर्ग एकट्याने, दार उघडं होत असताना, थांबला. पळणाऱ्यांच्या हुशारीने पहिला अंक चालतो, दुसरा अंक असा माणूस लागतो.

तर निवडायचं कसं? एकटेच असाल आणि हशा हवा असेल तर कॅसानोवा घ्या. एकटेच असाल पण सभागृह गंभीर असेल तर वेस्टच्या तोंडून अल्काट्राझ. तीसजणांचं मंडळ असेल तर हजारीबाग. चार चांगले नट, एक पहारेकरी आणि बऱ्यापैकी प्रकाशयोजना असेल तर प्रिटोरियाच.

दहा दारांच्या नेपथ्याची धास्ती घेऊ नका. चाकांवरची एकच चौकट पुरते. नट तीच चौकट फिरवत पुढे सरकवतो आणि दर वेळी कुलपाचा आवाज बदलतो. किल्ल्या मात्र खऱ्याखुऱ्या लाकडाच्या करून घ्या, तालमीत एखादी मोडली तर उत्तमच, नटांच्या हातात योग्य ती भीती येईल. या घटनेवर चित्रपट निघालेला आहे, तेव्हा त्यातले प्रसंग नकळत उचलले जाणार नाहीत हे बघा. जेंकिन आणि गोल्डबर्ग दोघांनीही आपापल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, संहितेला हात घालण्याआधी त्या वाचा. वाचताना पहारेकऱ्याला गुंतवण्याचा प्रसंग आधी शोधा आणि त्याच्यापासून लिहायला सुरुवात करा, किल्ल्या नंतर येतील.