जुन्या फिल्टरचे नवे बिल

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत असलेल्या एका वर्कशॉपमध्ये मी माझी १२५ सीसीची मोटरसायकल पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंगला दिली. चेनचा आवाज येत होता आणि मागचा ब्रेक उशिरा लागत होता, एवढ्याच तक्रारी होत्या. जॉब कार्डावर (करायच्या कामांची नोंद असलेला कागद) अंदाजे खर्चाचा रकाना कोराच होता. तो तसाच राहू देऊन मी सही केली, ही चूक माझी.

संध्याकाळी मिळणार असलेली गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. बिलात न विचारता बदललेला एअर फिल्टर होता, आणि काढलेला जुना फिल्टर मागितल्यावर तो कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. नवा फिल्टर बसवला की त्याच्या कडेवर मार्करने तारीख लिहून ठेवायची मला सवय आहे (घरचे हसतात). घरी येऊन साइड पॅनल उघडले, तर धुळीने भरलेल्या फिल्टरवर गेल्या वर्षीची तारीख माझ्याच अक्षरात होती.

त्याहून गंभीर प्रकार चेनचा. खड्ड्यात मागचे चाक वरखाली होते तेव्हा चेनवर ताण येतो, म्हणून तिला थोडा ढिलेपणा ठेवावाच लागतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तो २० ते ३० मिलिमीटर दिला आहे. इथे आवाज बंद करण्यासाठी चेन इतकी ताणली होती की ती बोटाने दबत नव्हती, शिवाय एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या खुणाही जुळत नव्हत्या, म्हणजे चाकच तिरके बसवलेले. अशी गाडी चालवत राहिल्यास स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) झिजतेच, पण गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाही धक्का पोहोचतो.

ब्रेक शू मात्र खरोखर नवे निघाले आणि ब्रेक आता वेळेवर लागतो, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

फिल्टर घेऊन परत गेलो, तेव्हा मालकांनी तो हातात घेऊन पाहिला, "पोरांकडून राहिलं असेल," म्हणाले आणि फिल्टरचे पैसे परत दिले. चेनबद्दल त्यांचे उत्तर असे, की पूर्ण चेन सेट (चेन आणि स्प्रॉकेट) बदला, म्हणजे प्रश्नच मिटेल. चेन हवी तेवढी ढिली करून चाक सरळ बसवण्याचे काम शेवटी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने पंधरा मिनिटांत आणि शंभर रुपयांत केले. चेन सेट, त्याच्या मते, अजून वर्षभर सहज चालेल. बिल आणि फिल्टरचा फोटो जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आहे.