‘पाळणा’ योजना: रचना चोख, पण सेविकेला तासाला २८ रुपये

अंगणवाडी दुपारी सुटते, आई कामावरून संध्याकाळी येते. मधल्या वेळात मूल कुणाकडे ठेवायचं? केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमातल्या ‘पाळणा’ योजनेनं २०२२ पासून याला सरळ उत्तर दिलं: अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर. सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. झोप, खाऊ, गरम जेवण, वजन-उंचीची नोंद, सगळं एकाच ठिकाणी. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात अशी ३४५ पाळणाघरं मंजूर झाली आहेत. रचनेला आमचे पूर्ण गुण.

अडतं ते पैशापाशी. केंद्राच्या निकषांत पाळणा सेविकेला महिना ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये. भागून पाहा: सेविकेला दिवसाचे २११, तासाचे जेमतेम २८. एवढ्यावर शिकलेली, अनुभवी बाई टिकत नाही, आणि तान्ही मुलं तर हात ओळखतात.

मनुष्यबळही तोकडं. मदतनीस जेवणाच्या भांड्यांकडे वळली की खोलीत एकटी सेविका. आठ महिन्यांच्या बाळाचं दुपटं बदलायचं, दीड वर्षाच्याला भरवायचं, तेवढ्यात चार वर्षांचं पोर उंबऱ्याबाहेर. मग तीन वर्षांखालची मुलं घ्यायला टाळाटाळ होते. खरी नड त्यांच्याच आयांची असते.

काटकसर कशी अंगाशी येते, हे आधी दिसलं आहे. २०१७ मध्ये ‘पाळणा’च्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्रानं आपला वाटा ६० टक्क्यांवर आणला. ३० टक्के राज्यांवर, १० टक्के पाळणाघरं चालवणाऱ्या संस्थांवर. वीस हजारांवरची पाळणाघरं २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. मुलं सांभाळण्याचं काम काही कमी झालं नाही, ते घरातल्या बाईवर आलं. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. म्हणून पाळणाघराचा पैसा रस्ता-पुलासारखा गुंतवणुकीतच धरायला हवा: एका केंद्रात दोघींना रोजगार मिळतो, शिवाय २५ घरांतल्या बायका कामावर जाऊ शकतात.

मूल घालण्याआधी तीन गोष्टी विचारा. साडेसात तास नक्की किती ते किती? सेविका रजेवर असेल तर बदली कोण? रांगणाऱ्या मुलांना वेगळा, आडोसा केलेला कोपरा आहे का? गाद्या, झोळ्या, पाण्याचा फिल्टर यांसाठी ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीची मागणी ग्रामसभेत करा. मानधनवाढ आणि दुसरी मदतनीस मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातूनच यायला हवी.