बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, तापाच्या वॉर्डात वापरलेलं (५ पैकी ४ स्टार)

खोक्यावर ट्रेकिंग, फिटनेस असलं काय काय छापलंय, आणि कोविडपासून बऱ्याच घरात एखादं ड्रॉवरमध्ये पडलेलं असेलच, पण हा रिव्ह्यू तापाच्या पेशंटसाठी आहे. मी सिंधुदुर्गात एका छोट्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), डेंग्यू, मलेरिया सगळं एकदम येतं, पाऊस संपता संपता स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) पण. वॉर्डात मोठा मॉनिटर एकच, तो सगळ्यात सिरीयस बेडला, बाकीच्यांसाठी हे स्वतःच्या पैशाने मागवलं, हजाराच्या आसपास पडलं.

मशीन म्हणून चांगलं आहे. दोन बारीक सेल, स्क्रीन रात्री लांबून पण दिसते, बोट काढलं की आपोआप बंद. ऑक्सिजन आणि नाडी तर दाखवतंच, पण खाली नाडीची लाट आणि पीआय म्हणजे बोटात रक्त किती पोचतंय त्याचा आकडा पण येतो, घेताना हे दोन असलेलंच घ्या, उगाच शंभर-दोनशे वाचवू नका. लाट नीट उठत नसेल तर वरचा आकडा कितीही छान दिसू दे, धरायचा नाही.

आता तापात याचं काय काम? नातेवाईकांचं सगळं लक्ष थर्मामीटरवर. १०३ झाला की धावत येणार, ९९ वर आला की लगेच डिस्चार्ज मागणार. आणि डेंग्यूत तर नेमका ताप उतरतो तेव्हाच बीपी पडायची भीती असते! आफ्रिकेतल्या सहा देशांतल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये एक स्कोअर काढलाय, कुठला पेशंट दगावण्याचा धोका जास्त ते साध्या तपासण्यांवरून कळायला. त्यात जास्त तापाला एकपण पॉइंट नाही. उलट अंग ३६ डिग्री सेल्सियसच्या (थर्मामीटरवर साधारण ९७ फॅरनहाइट) खाली थंड पडलं तर २, ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तर २, आणि पेशंट पूर्ण शुद्धीत नसेल तर ४. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. माणूस तापाने जात नाही हो, त्या तापामागे फुफ्फुस, किडनी, बीपी एकेक करून ढासळत असतं आणि दोन राउंडच्या मधे कोणी बघितलेलं नसतं, त्याने जातो. श्वासाचंच बघा ना, कुठलाही केसपेपर उघडा, सगळ्यांचा श्वास मिनिटाला २०. घड्याळ लावून पूर्ण मिनिट कोण मोजतंय, एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. हे मशीन निदान बोटाला लावलं की काहीतरी खरं सांगतं.

सगळ्यात जास्त उपयोग मला सलाईनच्या वेळी झाला. आमच्याकडे "सिस्टर, एक सलाईन लावा, म्हणजे बरां वाटात" हे रोजचं. डॉक्टरांचाही पूर्वी बीपी पडलं की भराभर बाटल्या सोडा असाच हिशेब. पण युगांडा, केनिया, टांझानियात तापाने गंभीर झालेल्या ३,१४१ मुलांवर ट्रायल झाली, २०११ ला छापून आली, त्यात झपाट्याने सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत साधारण १०.५ टक्के मुलं गेली आणि तसं न दिलेल्यांत ७.३. पुढे झांबियात मोठ्या माणसांत पण तसंच, जास्त सलाईनचा प्रोटोकॉल पाळला त्या गटात ४८ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारात ३३. म्हणजे सलाईन वाईट असं नाही, डेंग्यूच्या शॉकमध्ये, म्हणजे बीपी पडून अवयवांना रक्त पुरेनासं होतं तेव्हा, तीच वाचवते, पण मोजून, आणि व्हेंटिलेटर नसेल तिथे तर फारच जपून. लेप्टोत, स्क्रबमध्ये फुफ्फुसं आधीच धोक्यात, त्यात जादा सलाईनचं पाणी तिथेच साचू शकतं. म्हणून मी बाटलीच्या आधी एकदा आणि अधूनमधून परत लावून बघते, ९७ चं ९३ झालं की थेंब कमी करून डॉक्टरांना फोन.

आता एक स्टार का कापला. आकडा ९८ दिसला की सगळे निवांत होतात, आणि शॉकमधल्या पेशंटचा ऑक्सिजन बरेचदा ९८ असू शकतो, ही गोष्ट कंपनीच्या कागदावर कुठे मोठ्या अक्षरात नाही. दुसरं, हात गार पडले की नुसत्या रेघा येतात. मग बोटं चोळा, सेल बदला, मशीनला शिव्या द्या असं चालतं. तेव्हा आधी आपल्या बोटाला लावा, आपलं ९९ आलं म्हणजे मशीन धडधाकट आहे, मग पेशंटचे पाय गार आहेत का, बीपी किती, लघवी कधी झाली ते बघा. गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर बोट बदला. शिवाय सावळ्या कातडीवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात, अमेरिकेत २०२० मध्ये कृष्णवर्णीय पेशंटमध्ये हे ठळक दिसलं होतं, त्यामुळे ९३-९४ ला मी तरी समाधान मानत नाही.

आणि ताप कशाचा ते हे सांगणार नाही हे उघड आहे. स्क्रबचा काळा खपलीसारखा डाग काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असतो, कपडे काढून बघितल्याशिवाय सापडत नाही, आणि तो हुकला तर सेफ्ट्रिॲक्सोन हे नेहमीचं अँटिबायोटिक कितीही द्या, डॉक्सीसायक्लिनसारखं स्वस्त औषध पडायचं राहून जातं. आकडा पडल्यावर ऑक्सिजन सिलिंडर भरलेला हवा, १०८ वेळेत यायला हवी, पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंतचा रस्ता आहेच, त्याचे स्टार या मशीनचे कापणं बरोबर नाही.

घरी तापाचा पेशंट असेल तर घ्या, पण श्वास जोरात चालत असेल किंवा पेशंट बडबडायला लागला तर आकडा बघत बसू नका, तडक घेऊन या. तान्ह्या बाळांना ही क्लिप बसत नाही, सारखी घसरते, त्यांचं प्रोब वेगळं मिळतं.